आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेतील भारत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशियाई चषक ही स्पर्धा नेमकी कोणती? एशियाड आणि ही स्पर्धा एकच का?

नाही. आशियाई फुटबॉल महासंघाच्या वतीने पुरुषांच्या राष्ट्रीय संघांसाठी घेतली जाणारी ही खंडातील सर्वोच्च स्पर्धा आहे. ती 1956 साली हाँगकाँगमध्ये सुरू झाली आणि साधारणपणे दर चार वर्षांनी होते. एशियाड, म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा, हा अनेक खेळांचा मेळावा असून फुटबॉल हा त्यातील एक प्रकार असतो. भारताने फुटबॉलमधील दोन सुवर्णपदके, 1951 साली नवी दिल्लीत आणि 1962 साली जकार्ता येथे, एशियाडमध्ये मिळवलेली आहेत. आशियाई चषक भारताने एकदाही जिंकलेला नाही. क्रिकेटच्या आशिया चषकाशी या स्पर्धेचा काहीही संबंध नसला, तरी आपल्याकडे नावाच्या सारखेपणामुळे दोन्ही स्पर्धांच्या बातम्या एकमेकींत मिसळतात, म्हणून हा खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा.

भारत या स्पर्धेत किती वेळा खेळला आहे?

1956 ते 2023 या काळात स्पर्धेची 18 पर्वे झाली आणि त्यांपैकी 1964, 1984, 2011, 2019 आणि 2023 या पाच पर्वांत भारत मुख्य फेरीत होता. (2023 चे पर्व प्रत्यक्षात जानेवारी-फेब्रुवारी 2024 मध्ये कतारमध्ये खेळले गेले.) या पाच पर्वांत मिळून भारताचे 16 सामने झाले, त्यांपैकी 3 जिंकले, 1 बरोबरीत सुटला आणि 12 हरले, भारताने 12 गोल केले आणि 33 स्वीकारले. तीन विजयांपैकी दोन 1964 सालचे आहेत आणि तिसरा 2019 सालचा, म्हणजे या दोन विजयपर्वांच्या मध्ये 55 वर्षांचे अंतर आहे.

आकडे निराशाजनक आहेत हे उघड आहे, परंतु त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष बहुधा अपुरा असतो. भारताचा आशियाई चषकातील इतिहास मुख्य फेरीतील सामन्यांपेक्षा त्या फेरीच्या उंबरठ्यावर अधिक घडलेला आहे. संघ कोणत्या वाटेने आत गेला, ती वाट कधी उघडली आणि कधी बंद झाली, हे पाहिल्याशिवाय 16 सामन्यांचा तक्ता फारसे काही सांगत नाही. म्हणून पुढील उत्तरांत पात्रता फेऱ्यांना बरीच जागा दिलेली आहे.

1964 साली भारत उपविजेता होता, असे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

ते पूर्णपणे खरे आहे, मात्र त्यामागची परिस्थिती माहीत असायला हवी. ती स्पर्धा मे-जून 1964 मध्ये इस्रायलमध्ये झाली आणि तिच्यात यजमान इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग असे चारच संघ होते. अंतिम सामना नव्हता. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे आणि गुणतक्त्यात जो वर तो विजेता, अशी ती साखळी होती. भारताने 27 मे रोजी दक्षिण कोरियाला 2-0 असे हरवले. अप्पलराजू यांनी दुसऱ्याच मिनिटाला केलेला गोल हा या स्पर्धेतील भारताचा पहिला गोल होय. दुसरा गोल इंदर सिंग यांनी केला. त्याच दिवशी दिल्लीत पंडित नेहरूंचे निधन झाले, त्यामुळे या विजयाकडे देशाचे लक्ष जाण्याची फारशी शक्यता उरली नव्हती. 29 मे रोजी इस्रायलकडून 0-2 असा पराभव झाला आणि 2 जून रोजी हाँगकाँगविरुद्ध इंदर सिंग, सुकुमार समाजपती आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांच्या गोलांमुळे 3-1 असा विजय मिळाला.

भारताचे सामने संपले तेव्हा इस्रायल आणि भारत या दोघांचे प्रत्येकी 4 गुण होते आणि इस्रायलचा दक्षिण कोरियाशी एक सामना शिल्लक होता. तो कोरियाने जिंकला असता, तर तिन्ही संघ 4 गुणांवर आले असते आणि गोलांचा हिशेब करावा लागला असता. म्हणजे विजेतेपदाची शक्यता शेवटच्या दिवसापर्यंत, कागदावर तरी, जिवंत होती. इस्रायलने तो सामना 2-1 असा जिंकला आणि प्रश्न मिटला. इंदर सिंग आणि इस्रायलचे मोर्देखाय स्पीग्लर हे प्रत्येकी 2 गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे ठरले.

मग त्या उपविजेतेपदाला कमी लेखले जाते ते का?

कारण भारताला पात्रता फेरीत एकही सामना खेळावा लागला नाही. यजमान इस्रायल असल्यामुळे अनेक देशांनी राजकीय कारणांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला, भारताच्या गटातील प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली आणि भारत थेट मुख्य फेरीत पोहोचला. त्याआधीच्या पर्वासाठी डिसेंबर 1959 मध्ये एर्नाकुलम येथे झालेल्या पात्रता स्पर्धेत इराण, पाकिस्तान आणि इस्रायल हे सारे मैदानात होते आणि तेथे घरच्या मैदानावर खेळूनही भारताला पुढे जाता आले नव्हते. त्या गटातून इस्रायल पात्र ठरला.

तरीही हे उपविजेतेपद फुकटचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या दक्षिण कोरियाला भारताने हरवले, त्याने 1956 आणि 1960 ही पहिली दोन्ही पर्वे जिंकलेली होती. आणि त्याच कोरियाला भारताने दोन वर्षांपूर्वी जकार्त्याच्या अंतिम सामन्यातही 2-1 असे नमवले होते. जकार्त्याचा संघ घडवणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे जून 1963 मध्ये निधन झाले आणि इस्रायलला संघ इंग्लिश प्रशिक्षक हॅरी राइट यांच्या मार्गदर्शनाखाली गेला, पण संघाचा कणा रहीम साहेबांच्याच तालमीत तयार झालेला होता. दार सहज उघडले, आत गेल्यावरचा खेळ मात्र भारताने स्वतःच्या बळावर केला, असा निवाडा प्रस्तुत लेखकाला योग्य वाटतो.

1968 ते 1980 या काळात भारत कुठे होता?

1968 च्या पर्वासाठी भारत पात्रता फेरीत हरला. 1972, 1976 आणि 1980 या तीन पर्वांच्या स्पर्धेत भारत उतरलाच नाही. 1970 च्या बँकॉक एशियाडमध्ये कांस्यपदक मिळवणारा संघ त्याच दशकात खंडाच्या मुख्य स्पर्धेकडे पाठ फिरवतो, ही गोष्ट पुढच्या साऱ्या घसरणीपेक्षा अधिक बोलकी आहे. याच वर्षांत इराण, कुवेत, सौदी अरेबिया हे देश प्रशिक्षक, मैदाने आणि राष्ट्रीय संघाची शिबिरे यांवर मोठा खर्च करू लागले होते, त्यामुळे भारत परतला तेव्हा खंडातील क्रमवारी बदललेली होती.

1984 च्या संघाबद्दल फारसे ऐकायला मिळत नाही. तो कसा खेळला?

हा संघ पात्रता फेरीतून रीतसर लढून मुख्य फेरीत गेलेला भारताचा पहिला संघ होता, आणि याच कारणासाठी त्याची आठवण अधिक ठेवायला हवी. ऑक्टोबर 1984 मध्ये कोलकात्यात झालेल्या पात्रता स्पर्धेत, युगोस्लाव्ह प्रशिक्षक चिरिच मिलोवान यांच्या संघाने पाकिस्तान, मलेशिया आणि उत्तर येमेन यांना हरवले, दक्षिण कोरियाकडून तो 0-1 असा हरला आणि गटात दुसरा आला. डिसेंबरमध्ये सिंगापूर येथे मुख्य फेरीत यजमान सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती यांनी भारताला प्रत्येकी 2-0, तर चीनने 3-0 असे हरवले. तीन वेळा विजेत्या ठरलेल्या इराणला मात्र भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले. भारताची या स्पर्धेच्या मुख्य फेरीतील ती आजवरची एकमेव बरोबरी आहे. एकही गोल न करता संघ परतला.

1984 नंतर पुन्हा मुख्य फेरीत यायला 27 वर्षे का लागली?

एकच कारण देणे कठीण आहे. राष्ट्रीय साखळी स्पर्धा 1996 साली सुरू झाली, तोपर्यंत देशातील फुटबॉल कोलकाता, गोवा, केरळ, मुंबई, पंजाब अशा वेगवेगळ्या केंद्रांच्या स्थानिक स्पर्धांवर चालत असे आणि वरच्या दर्जाचे आंतरराष्ट्रीय सामने संघाला फारच कमी मिळत. 1988 पासून 2007 पर्यंतच्या प्रत्येक पर्वात भारत पात्रता फेरीतच थांबला. यांतील तळ 2006 साली गाठला गेला: जपान, सौदी अरेबिया आणि येमेन यांच्या गटात भारत सहाही सामने हरला आणि जपानविरुद्धचा एक सामना तर 0-6 असा गेला.

2011 साठी भारत कोणत्या मार्गाने पात्र ठरला?

त्या काळी आशियाई महासंघाने फुटबॉलमध्ये मागे असलेल्या देशांसाठी एएफसी चॅलेंज कप नावाची वेगळी स्पर्धा चालवली होती आणि तिच्या विजेत्याला आशियाई चषकात थेट प्रवेश मिळत असे. 2008 ची ही स्पर्धा भारतात झाली. हैदराबादच्या पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानविरुद्ध भारत गोलशून्य बरोबरीकडे चालला होता; गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्स यांनी भरपाई वेळेत गोल केला आणि सामना 1-0 असा सुटला. 13 ऑगस्ट रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला 4-1 असे हरवले. त्यात सुनील छेत्री यांची हॅट्ट्रिक होती आणि एक गोल बायचुंग भुतिया यांचा होता.

ही मागल्या दाराने मिळालेली पात्रता होती, अशी टीका तेव्हा झाली आणि तिच्यात तथ्य होते. परंतु दोन वर्षांपूर्वी सहाही सामने हरलेल्या संघासाठी त्या काळात दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

2011 च्या कतारमधील स्पर्धेत नेमके काय घडले?

भारताच्या वाट्याला ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आणि बहरीन असा गट आला. प्रशिक्षक बॉब हॉटन यांनी तयारीसाठी खेळाडूंना क्लबांकडून दीर्घकाळ मागून घेतले होते, ज्यावरून क्लबांची नाराजी ओढवली. आणि नोव्हेंबर 2010 मधील सराव सामन्यात कुवेतने 9-1 असे हरवल्यामुळे त्या तयारीबद्दल शंकाही निर्माण झाली. 10 जानेवारी 2011 रोजी ऑस्ट्रेलियाने 4-0 असा विजय मिळवला. बहरीनविरुद्ध गौरमांगी सिंग यांनी बरोबरी साधून दिली आणि उत्तरार्धात छेत्री यांनीही गोल केला, पण इस्माईल अब्दुल्लतीफ यांच्या चार गोलांपुढे भारत 2-5 असा हरला. या गटातील भारताची खरी संधी याच सामन्यात होती आणि ती पूर्वार्धातच निसटली.

दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना 1-4 असा गेला, पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या लक्षात गोलरक्षक सुब्रत पाल राहिले. त्यांनी इतके फटके अडवले की चार गोल होऊनही सामन्याची चर्चा त्यांच्याच नावाने झाली. छेत्री यांनी पेनल्टीवर भारताचा गोल केला. याच सामन्यात 18 वर्षांच्या सोन ह्युंग-मिन याने आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल नोंदवला. भुतिया दुखापतीमुळे पहिले दोन सामने खेळू शकले नव्हते. ते या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांसाठी बदली खेळाडू म्हणून उतरले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले.

2015 साठी तोच मार्ग का उपयोगी पडला नाही?

मार्ग होता, संघ नव्हता. 2012 च्या चॅलेंज कपमध्ये काठमांडू येथे भारत तिन्ही सामने हरला आणि 2014 च्या चॅलेंज कपसाठी तो पात्रही ठरला नाही.

2019 चा संघ हा भारताचा या स्पर्धेतील सर्वोत्तम संघ होता का?

प्रस्तुत लेखकाच्या मते होय, आणि गटात शेवटचा क्रमांक येऊनही. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या संघाने किर्गिझस्तान, म्यानमार आणि मकाव यांच्या गटातून पात्रता मिळवली. यांगूनमध्ये म्यानमारला 1-0, बेंगळुरूत किर्गिझस्तानला 1-0 आणि ऑक्टोबर 2017 मध्ये बेंगळुरूतच मकावला 4-1 असे हरवून, दोन सामने शिल्लक असतानाच प्रवेश निश्चित झाला. स्पर्धा 16 वरून 24 संघांची झाल्याचा फायदा भारताला झाला हे मान्य, परंतु कोणाची माघार किंवा वेगळी स्पर्धा यांच्या आधाराविना मिळालेली ती 1984 नंतरची पहिलीच पात्रता होती.

6 जानेवारी 2019 रोजी अबू धाबीमध्ये भारताने थायलंडला 4-1 असे हरवले. पूर्वार्धात छेत्री यांच्या पेनल्टीला थायलंडने उत्तर दिले, पण उत्तरार्धाच्या पहिल्याच मिनिटाला छेत्री यांनी दुसरा गोल केला आणि पुढे अनिरुद्ध थापा आणि जेजे लालपेखलुआ यांनी आणखी दोन जोडले. थायलंडने दुसऱ्याच दिवशी आपल्या प्रशिक्षकांना पदावरून दूर केले. यजमान अमिरातीविरुद्ध भारत 0-2 असा हरला; पण त्या सामन्यात भारताचा चेंडू दोनदा गोलच्या चौकटीला लागून परतला आणि निकालावरून वाटते तितका खेळ एकतर्फी नव्हता.

14 जानेवारी रोजी शारजा येथे बहरीनशी बरोबरी पुरेशी होती. 90 मिनिटांपर्यंत ती टिकली. मग प्रणय हलदार यांच्या चुकीबद्दल बहरीनला पेनल्टी मिळाली, जमाल राशेद यांनी ती गोलमध्ये घातली आणि भारत गटात दुसऱ्या स्थानावरून थेट चौथ्या स्थानावर घसरला. बरोबरी झाली असती, तर भारत आणि थायलंड यांचे प्रत्येकी 4 गुण झाले असते आणि परस्परांतील सामन्याच्या निकषावर भारत बाद फेरीत गेला असता. कॉन्स्टंटाइन यांनी सामन्यानंतर लगेच राजीनामा दिला. बचावावर भिस्त ठेवून वेळ काढण्याचा निर्णय त्या रात्री चुकीचा ठरला, असे आजही वाटते. त्या संघाजवळ पुढे जाऊन गोल करण्याची ताकद होती आणि ती आठ दिवसांपूर्वी सर्वांनी पाहिली होती.

2023 च्या पर्वात अपेक्षा इतक्या मोठ्या का होत्या आणि निकाल इतका वाईट का लागला?

अपेक्षांना आधार होता. जून 2022 मध्ये कोलकात्यात भारताने कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग यांना हरवून प्रथमच सलग दुसऱ्यांदा पात्रता मिळवली. 2023 साली इगोर श्टिमाच यांच्या संघाने इंटरकॉन्टिनेंटल कप आणि सॅफ ही दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये विश्वचषक पात्रता फेरीत कुवेतला त्यांच्याच मैदानावर 1-0 असे हरवले.

प्रत्यक्ष स्पर्धेत ऑस्ट्रेलियाने 2-0, उझबेकिस्तानने 3-0 आणि सीरियाने 1-0 असे हरवले. अन्वर अली, जीक्सन सिंग आणि आशिक कुरुनियन हे दुखापतींमुळे संघात नव्हते. इंडियन सुपर लीगचे वेळापत्रक डिसेंबरअखेरपर्यंत चालल्यामुळे तयारीला जेमतेम दोन आठवडे मिळाले, आणि प्रशिक्षकांनी याबद्दल जाहीरपणे तक्रारही केली होती. या सबबी खऱ्या आहेत. पण तीन सामन्यांत एकही गोल होऊ नये, याचे कारण वेळापत्रकापेक्षा खोल आहे. देशातील क्लब आघाडीच्या फळीत परदेशी खेळाडूंना पसंती देतात आणि छेत्री यांची जागा घेऊ शकेल असा आघाडीपटू त्या दशकात तयार झाला नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात जपानच्या योशिमी यामाशिता पंच होत्या. पुरुषांच्या आशियाई चषकात महिलेने मुख्य पंच म्हणून काम पाहण्याची ती पहिलीच वेळ होती.

या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक गोल कोणाचे?

सुनील छेत्री यांचे, 4. ते 2011, 2019 आणि 2023 अशा तीन पर्वांत खेळले. त्यांच्यानंतर 2 गोलांसह इंदर सिंग येतात. अप्पलराजू, समाजपती, गोस्वामी, गौरमांगी, थापा आणि जेजे यांच्या नावावर प्रत्येकी एक गोल आहे आणि येथे भारताची यादी संपते.

2027 च्या स्पर्धेसाठी भारत पात्र ठरला आहे का?

नाही. सौदी अरेबियातील या स्पर्धेच्या शेवटच्या पात्रता फेरीत भारतासोबत हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते आणि गटातील फक्त पहिला संघ पुढे जाणार होता. कागदावर हा गट भारताच्या आवाक्यातला होता. 25 मार्च 2025 रोजी शिलाँगमध्ये बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी झाली, जूनमध्ये हाँगकाँगने भरपाई वेळेतील पेनल्टीवर 1-0 असे हरवले आणि प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी पद सोडले. ऑगस्टमध्ये मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळाडू म्हणून कारकीर्द घडलेले खालिद जमील प्रशिक्षक झाले. सिंगापूरमध्ये रहीम अली यांच्या अखेरच्या क्षणीच्या गोलमुळे 1-1 अशी बरोबरी मिळाली. पण 14 ऑक्टोबर रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, लालियनझुआला छांगते यांनी आघाडी मिळवून दिल्यानंतरही, भारत सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि पात्रतेची आशा तेथेच संपली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही 1-0 असा विजय मिळवला.

महाराष्ट्र आणि गोव्यातील कोणते खेळाडू या स्पर्धेशी जोडलेले आहेत?

2011 च्या संघात क्लायमॅक्स लॉरेन्स यांच्याबरोबर मुंबईचे स्टीव्हन डायस होते. 2019 मध्ये गोव्याचे रॉलिन बोर्जेस आणि 2023 च्या पर्वात गोव्याचे ब्रँडन फर्नांडिस व लिस्टन कोलासो यांची निवड झाली. त्याच पर्वात मुंबईचे राहुल भेके बचावफळीत खेळले. मार्केझ हे भारताचे प्रशिक्षक असताना काही काळ एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते, आणि एकाच व्यक्तीने दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळण्याची ती व्यवस्था तेव्हाही अनेकांना पटलेली नव्हती.

महिला संघाची कामगिरी वेगळी आहे का?

बरीच वेगळी, आणि ती स्वतंत्र लेखाची मागणी करते. महिलांच्या आशियाई चषकात भारत सुरुवातीच्या काळात दोनदा उपविजेता होता. 2022 ची स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे झाली; भारताने डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी गोलशून्य बरोबरी केली, पण त्यानंतर संघात कोविडची लागण पसरल्याने चायनीज तैपेईविरुद्ध संघ उतरवता आला नाही आणि यजमान असूनही भारताला स्पर्धेबाहेर पडावे लागले. जुलै 2025 मध्ये चियांग माई येथे थायलंडला 2-1 असे हरवून महिला संघ 2026 च्या स्पर्धेसाठी पात्र ठरला. तो सामना थायलंडच्या मैदानावर होता आणि भारताचे दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले.